एजंटचा वकील, बँकेचा वकील आणि तुमचा वकील

पत्र:

"कर्वेनगरमधल्या एका जुन्या सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. किंमत ८५ लाख ठरली. विकणाऱ्याच्या वडिलांनी तो १९९४ साली बिल्डरकडून घेतला होता. वडील २०२१ मध्ये गेले. नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं, त्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं आणि आता तोच फ्लॅट विकतोय. आई त्याच्याकडेच असते, एक बहीण नाशिकला आहे, एक कॅनडात. 'बहिणींचं काही म्हणणं नाही' असं तो सांगतो. एजंट एक टक्का दलाली घेणार आहे. 'आमचे वकील आहेत, दोन्ही बाजूंचं पेपरवर्क पंधरा हजारांत होईल' असं त्याचं म्हणणं. बँकेने कर्ज तत्त्वतः मंजूर केलंय. मिस्टर म्हणतात, बँकेचा वकील कागद बघणारच आहे, मग आपण वेगळा वकील करून पैसे का घालवायचे? आणि करायचाच तर त्यांचा मावसभाऊ वकील आहे, फौजदारी खटले चालवतो. येत्या रविवारी दोन लाख टोकन द्यायचं आहे. सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार, भाव वाढेल, घाई करा, असं एजंट सांगतो. वेगळा वकील खरंच लागतो का? लागत असेल तर शोधायचा कसा आणि त्याच्याकडून काय काय करून घ्यायचं?"

उत्तर:

ताई, रविवारी टोकन देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे एवढं आधी ठरवा. वकील टोकनच्या आधी गाठायचा असतो. पैसे गेल्यानंतर वकिलाकडे येणाऱ्या माणसाचा निम्मा प्रश्न "व्यवहार करावा का" हा नसतोच, "दिलेले पैसे परत कसे मिळतील" हा असतो.

मी स्वतः पुण्यात मिळकतींच्याच कामाची वकिली करते, त्यामुळे "वकील करा" असं मी म्हणणारच, असं मिस्टरांना वाटू शकेल. म्हणून वकिलांबद्दल बोलण्याआधी तुमच्याच पत्रातली एक गोष्ट उचलते. त्यावरून त्यांनीच ठरवावं.

मुलगा नॉमिनी होता, म्हणून शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालं. ठीक. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा, मेंटेनन्स कोणाकडून घ्यायचा, याची ती सोय आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ मध्येही नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलंय, कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत. मालकी ठरते वारसा कायद्याने. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि कुटुंबाला हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असेल, तर त्यांनी स्वतः कमावून घेतलेल्या फ्लॅटचे सारखे वाटे पत्नी, मुलगा आणि मुली यांना मिळतात. इथे आई, मुलगा आणि दोन मुली, म्हणजे प्रत्येकी चौथा हिस्सा. एकट्या मुलाने सही केली तर ८५ लाख मोजून तुमच्या हाती कायद्याने येईल तो एक चतुर्थांश फ्लॅट.

आणखी एक व्यक्ती इथे हमखास निसटते. वडील गेले तेव्हा वडिलांची आई हयात होती का? गेलेल्या माणसाची आई हीसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते. आजी २०२१ मध्ये हयात असतील तर वाटे चार नाही, पाच. त्यानंतर त्या गेल्या असतील तर त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे विकणाऱ्याच्या काका-आत्यांकडेही. ज्या काकांनी या फ्लॅटचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यांची सही लागू शकते. हा प्रश्न एजंटने विचारला होता का? बँक विचारेल का? विचारेलही, पण उत्तर तुम्हाला सांगायला ती बांधील नाही.

"बहिणींचं काही म्हणणं नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी पेन हातात घेते. म्हणणं नसेल तर फारच चांगलं, मग ते कागदावर येऊ दे. एकतर आई आणि दोन्ही बहिणी मुलाच्या बरोबरीने "लिहून देणार" (म्हणजे विकणारे) म्हणून दस्तात येतील, किंवा त्या आधी मुलाच्या नावे हक्कसोडपत्र करून देतील. ते नोंदणी केलेलंच हवं. साध्या स्टँपपेपरवर नोटरी करून आणलेली संमती चालत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क तिने सुटत नाही. कॅनडातली बहीण येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागेल. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे, आणि ते रद्द झालेलं नाही असं घोषणापत्र दुय्यम निबंधकासमोर द्यावं लागतं. त्या कागदात नुसतं "फ्लॅटची देखभाल करणे" असं असून भागत नाही. विक्री करणे, मोबदला घेणे, नोंदणीसाठी हजर राहून कबुलीजबाब देणे, हे सगळं स्पष्ट हवं. तुमच्या वकिलांनी त्या बहिणीशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलून घ्यावं असंही मी सुचवेन. कायद्याने सक्ती नाही, पण पाच मिनिटांत कळतं की कागद तिला माहीत आहे की नाही.

आता मिस्टरांचा मुद्दा. बँकेने कर्ज "तत्त्वतः" मंजूर केलंय, म्हणजे तुमचे पगार, जुने हप्ते आणि सिबिल पाहिलंय. फ्लॅटचे कागद अजून कोणी उघडलेलेही नसतील. पुढे बँकेच्या पॅनलवरचा वकील ते उघडेल, पण त्याचा पक्षकार बँक आहे. बँकेचं कर्ज वसूल होईल का, हे तो पाहतो. त्याचा अहवाल बँकेकडे जातो, फी बहुधा तुमच्याकडून वसूल होते आणि अहवाल तुमच्या हातात येईलच असं नाही. शिवाय उद्या वारसांपैकी कोणी दावा लावला तर बँक तुम्हाला "हप्ते थांबवा" असं म्हणत नाही. कर्जाची जबाबदारी तुमची आणि तुमच्या जामीनदारांची, फ्लॅट राहो वा जावो. बँकेची तपासणी हा एक जास्तीचा डोळा आहे, तो असू द्या. पण तो तुमचा नाही.

एजंटच्या वकिलाबद्दल मी जास्त कडक बोलेन. दोन्ही बाजूंचं काम एकाच वकिलाने करणं हे पुण्यात रीसेलच्या व्यवहारांत इतकं रूढ झालंय की त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. मला वाटतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की वकिलाने एखाद्या प्रकरणात एका पक्षासाठी काम केलं असेल तर त्याच प्रकरणात त्याने विरुद्ध पक्षासाठी उभं राहू नये. आणि पक्षकारांशी आपला काही संबंध असेल, प्रकरणात काही हितसंबंध असेल, तर तो आधी उघड करावा. विकणाऱ्याला लवकर पैसे हवेत, तुम्हाला खात्री हवी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. ज्या वकिलाला दर महिन्याला एजंटकडून कामं येतात तो "हा व्यवहार करू नका" असं किती वेळा म्हणू शकेल? माणूस सज्जन असेलही, पण त्याला अशा जागी उभं करणं हेच चूक आहे. पंधरा हजारांत तो दस्त टाइप करून देईल, चलन भरेल, नोंदणीची वेळ घेईल. ही कामं खरी आहेत, पण ती लिखापढीची. मालकी तपासणं हे वेगळं काम आहे आणि त्या पंधरा हजारांत ते आहे की नाही, हे विचारून पाहा.

मावसभाऊ. घरचा माणूस म्हणून त्यांचा सल्ला जरूर घ्या. कदाचित चांगल्या दिवाणी वकिलाचं नाव त्यांच्याकडूनच मिळेल. पण फौजदारी कोर्टात पाय रोवलेल्या वकिलाने हवेलीच्या (पुणे परिसरातल्या) नोंदणी कार्यालयात सर्च, म्हणजे जुन्या दस्तांच्या नोंदींचा शोध, घ्यावा ही अपेक्षा त्यांच्यावरही अन्यायाची आहे. नात्यातल्या माणसाला "तुमचा सर्च रिपोर्ट अपुरा वाटतोय" असं तुम्ही म्हणू शकणार नाही, आणि हे म्हणता आलंच पाहिजे.

मग शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे मोठमोठे फलक आणि "शंभर टक्के टायटल क्लिअर" छापाचे मेसेज दिसले तर त्यावरूनच सावध व्हा. गेल्या दोन-तीन वर्षांत जुना फ्लॅट घेतलेल्या ओळखीच्या चार-पाच जणांना विचारा. पण "तुमचा वकील चांगला होता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "त्याने तुम्हाला कुठे अडवलं होतं का? कोणता कागद आणल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही?" असं विचारा. ज्या वकिलाच्या बाबतीत लोक थोड्या वैतागाने "फार कागद मागतो हो" म्हणतात, त्याच्याकडे आधी जा. तुमच्या सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणाचं (बिल्डर करून देत नसताना जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं) काम कोणी केलं असेल, किंवा शिवाजीनगर कोर्टात वाटपाचे दावे कोणी चालवत असेल, तर तेही चांगले उमेदवार. वाटपाचे दावे चालवणाऱ्याला बहीण कधी, कशी आणि का परत येते हे माहीत असतं. सनद क्रमांक विचारायला संकोच करू नका; महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असते, तो क्रमांक वकील आपल्या लेटरहेडवर आणि वकीलपत्रावर घालतातच.

पुण्यातलाच वकील घ्या, असंही म्हणेन. इथल्या जमिनींचे इतिहास वेगवेगळे आहेत. १९६१ च्या पानशेत पुरानंतर वसवलेल्या पूरग्रस्त वसाहतींत जमीन सरकारने अटी घालून दिलेली. कुठे सातबाऱ्यावर इनाम किंवा वतनाचा शेरा, कुठे "भोगवटादार वर्ग २", म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. महापालिकेत २०१७ आणि २०२१ मध्ये आलेल्या गावांत गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांवर उभ्या राहिलेल्या इमारती. पेठांमध्ये वाड्याच्या मालकांची पाच-पाच घराणी. तुमच्या फ्लॅटला यातलं काही लागू असेलच असं नाही, पण कर्वेनगरचा जुना सातबारा काढून त्यावरचे फेरफार वाचणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत हवं.

पहिल्या भेटीत काय विचारायचं ते सांगते. सर्च तुम्ही स्वतः घेणार की क्लार्क घेणार? क्लार्क घेणार असेल तरी हरकत नाही, पण अहवालावर सही आणि जबाबदारी वकिलांची हवी. किती वर्षांचा घेणार? ३० वर्षांचा घ्यायची पद्धत आहे. जाहीर नोटीस देणार का? माझ्या मते तुमच्या प्रकरणात ती दिलीच पाहिजे, कारण वारसांचा मामला आहे. मराठी दैनिकात एक, जमल्यास इंग्रजीतही एक. त्यात फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत. नोटीस दिली म्हणजे गप्प बसलेल्या वारसाचा हक्क बुडतो असं नाही, पण तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती याचा तो पुरावा असतो. कधीकधी खरंच कोणीतरी हरकत घेतं आणि मोठं संकट वेळेत टळतं. विकणारा म्हणेल, "पेपरात नाव आलं तर चारचौघांत काय दिसेल?" त्याला सांगा की नोटिशीत त्याच्या अब्रूला धक्का लागेल असं काही नसतं.

आणि शेवटचा प्रश्न: "टायटलमध्ये दोष निघाला आणि व्यवहार मोडला तर तुमची फी किती?" वकील म्हणाला, "व्यवहार झाला तरच फी द्या," तर ऐकायला गोड वाटतं, पण मी असा वकील घेणार नाही. व्यवहार झाला तरच ज्याचे पैसे सुटतात, त्याला दोष दिसायला जड जातं. फी टप्प्यांत ठरवा: सर्च आणि लेखी अभिप्राय याची एक, दस्ताचा मसुदा किंवा समोरच्याचा मसुदा तपासणं याची एक, नोंदणीच्या दिवशी हजर राहणं याची एक. सर्चचं शुल्क, नोटिशीचा खर्च, झेरॉक्स, प्रती हे फीमध्ये धरले आहेत की वेगळे, ते लिहून घ्या. ईमेलवर चार ओळी आल्या तरी पुरे.

हे नीट ठरवून घ्या असं सांगण्यामागे कारण आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे काम कच्चं केलं म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तणूक असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार आणि नुकसानीसाठी दिवाणी दावा, हे दोनच मार्ग, आणि दोन्ही लांबचे. निवड आधीच पारखून करावी लागते.

अहवाल हातात आला की तो कसा वाचायचा? एक पानी अहवाल, शेवटी "टायटल क्लिअर अँड मार्केटेबल" आणि शिक्का, एवढंच असेल तर परत पाठवा. चांगल्या अहवालात तुम्हाला गोष्ट सापडते. जमीन कोणाची होती, बिनशेती कधी झाली, बिल्डरला विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र कोणी दिलं, ते सगळ्या जमीनमालकांनी दिलं का, महापालिकेचं भोगवटापत्र आहे का, १९९४ चा करार कोणत्या क्रमांकाने नोंदला गेला, पुढे काय झालं. मग वर्षवार तक्ता. त्यात काही वर्षांसमोर "सूचीची पाने फाटलेली" किंवा "खंड उपलब्ध नाही" असं लिहिलेलं आढळेल. त्याने घाबरू नका. उलट ते लिहिणारा वकील प्रामाणिक आहे. जुन्या खंडांची ती अवस्था खरीच असते. पण मग विचारा, "या वर्षांची भरपाई तुम्ही कशी केली?" जाहीर नोटीस, मूळ कागद, सोसायटीचं दप्तर, विकणाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, यांतलं काहीतरी उत्तरात यायला हवं. अहवालाला सर्चच्या चलनाची पावती जोडलेली असते, तीही पाहा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-शोध मोफत आहे. अलीकडच्या वर्षांची इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) तुम्ही स्वतःही काढून पाहू शकता. वकिलाची जागा ती घेत नाही, पण तुम्हाला प्रश्न सुचतात.

सर्चमध्ये सगळं दिसतं असं मात्र नाही. मूळ करार बँकेत ठेवून पूर्वी कर्ज काढलं असेल तर जुन्या काळात त्याची कुठे नोंद होतच नसे. २०१३ पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची "नोटीस ऑफ इंटिमेशन" (नोंदणी कार्यालयाला सूचना) द्यावी लागते, म्हणून अलीकडची दिसतात. म्हणूनच मूळ कागद डोळ्यांनी पाहायचे, झेरॉक्स नाही. १९९४ चा करार, त्याची नोंदणीची पावती, मूळ शेअर सर्टिफिकेट. "मूळ सापडत नाही, पण रंगीत झेरॉक्स आहे" असं ऐकलंत तर तिथेच थांबा. हरवलंच असेल तर पोलिसांत तक्रार, पेपरात नोटीस, निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि सेरसाय या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत कुठल्या बँकेचा बोजा नाही ना याची खात्री, हे सगळं विकणाऱ्याने करायचं. त्याच करारात वडिलांबरोबर आईचंही नाव आहे का, तेही पाहा. असेल तर वरचं वाट्यांचं गणित बदलतं. कोर्टात दावा चालू असेल तर तोही इंडेक्समध्ये दिसेलच असं नाही. ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या, वडिलांच्या आणि सोसायटीच्या नावाने शोध घ्यायला सांगा.

रीडेव्हलपमेंटची घाई. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, अभिहस्तांतरण झालंय का? सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय की अजून नुसती चर्चा आहे? विकसकाबरोबर करार नोंदला गेला असेल तर त्या फ्लॅटच्या बदल्यात काय मिळणार ते त्या करारात ठरलेलं असेल, आणि तुम्ही विकत घेताय ती खरं तर तीच वस्तू. कराराची प्रत वाचल्याशिवाय भाव वाढेल की नाही, हे एजंटलाही माहीत नाही.

आता पैशांचं. ८५ लाखांवर, रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचा) दर त्याहून जास्त नसेल तर, पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. फ्लॅट फक्त तुमच्या नावावर घेतलात तर महिला खरेदीदार म्हणून एक टक्का सवलत मिळते, म्हणजे ८५ हजार वाचतात. मिस्टरांचं नाव बरोबर असेल तर सवलत नाही. नावाचा निर्णय घरात बोलून घ्या, तो फक्त ८५ हजारांचा नाही. पण हे गणित आधीच मांडून दाखवणं हेसुद्धा वकिलाचंच काम. सौदा ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा असतो. विकणारे चार असले आणि प्रत्येकाच्या वाट्याला २१ लाख २५ हजारच येत असले, तरी आकडा एकूण सौद्याचा धरतात. कॅनडातली बहीण स्वतः विकणारी म्हणून सही करणार असेल, तर तिच्या हिश्शाला हा एक टक्का लागू नाही. अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस वेगळा आणि बराच जास्त असतो. तो कापला नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते. इथे वकिलाबरोबर चार्टर्ड अकाउंटंटही लागेल. आणि रोखीचा विषय कोणी काढला तर नको म्हणा. मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोख दिलेली रक्कम व्यवहार फिसकटल्यावर सिद्ध करता येत नाही.

विकणारा "काहीतरी द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणत असेल आणि फ्लॅट तुम्हाला खरंच हवा असेल, तर छोटी रक्कम चेकने द्या. मात्र विसाराची, म्हणजे टोकनची, पावती तुमच्या वकिलांनी लिहिलेली हवी. एजंटकडच्या छापील पावतीत बहुधा एकच गोष्ट ठळक असते, ती म्हणजे खरेदीदाराने माघार घेतली तर विसार जप्त. तुमच्या पावतीत हे वाक्य हवं:

"सदर विसार रक्कम ही, मिळकतीचे टायटल निर्वेध, बोजाविरहित व विक्रीयोग्य असल्याबाबत लिहून घेणार यांच्या वकिलांचा लेखी अभिप्राय मिळण्याच्या अधीन राहून दिली आहे. तसा अभिप्राय न मिळाल्यास, अथवा मयत मूळ मालकाच्या कोणत्याही वारसाने दस्तात सामील होण्यास नकार दिल्यास, संपूर्ण विसार रक्कम कोणतीही कपात न करता सात दिवसांत परत करण्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील."

हे वाक्य वाचून विकणारा सही करतो की कचरतो, त्यावरून बरंच कळतं. मनात काही नसलेल्याला यात अडचण वाटत नाही.

दस्ताचा मसुदा नोंदणीच्या किमान तीन-चार दिवस आधी मागून घ्या आणि घरी दोघांनी बसून वाचा. बहुतेक लोक दस्त पहिल्यांदा वाचतात तो नोंदणी कार्यालयाच्या बाकावर, टोकन नंबर पुकारला जात असताना. तिथे फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, पॅन, नावाचं स्पेलिंग यांतलं एक जरी चुकलं तरी नंतर चूकदुरुस्ती पत्रासाठी सगळ्या लिहून देणाऱ्यांना पुन्हा बोलवावं लागतं, आणि इथे तर एक नाशिकची, एक कॅनडाची. दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठे होतात, ओळख पटवणारे दोघे सही करतात, शिक्के पडतात. पण दस्त नोंदला गेला म्हणजे मालकीची हमी सरकारने दिली, असा त्याचा अर्थ नाही. दस्त झाला याची नोंद तेवढी होते. साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) वेगवेगळं करायचं की थेट खरेदीखत, हे बँकेच्या वेळापत्रकावर ठरेल. साठेखतात ताबा देण्याचं कलम असेल तर पूर्ण मुद्रांक तेव्हाच भरावा लागतो आणि पुढच्या खरेदीखताला नाममात्र. साठेखतावरच थांबू नका. त्याने मालकी येत नाही, खरेदीखत झालंच पाहिजे.

नोंदणीनंतरही वकिलांचं काम थोडं उरतं. सोसायटीकडे हस्तांतराचा अर्ज, महापालिकेच्या मिळकतकराला तुमचं नाव, महावितरणचं बिल. सोसायटी हस्तांतराचं प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. "डोनेशन" म्हणून वर काही मागितलं तर वकिलांकडून पत्र द्या. फाइल परत घेताना मूळ नोंदणीकृत दस्त, इंडेक्स टू, १९९४ चा करार, हक्कसोडपत्रं, कुलमुखत्यारपत्र, नोटिशीची पेपरातली कात्रणं आणि सर्च रिपोर्ट, सगळं यादीप्रमाणे मोजून घ्या. यातले मूळ कागद बँक ठेवून घेईल. देताना प्रत्येक कागदाचं नाव आणि पानं लिहिलेली पोच शिक्क्यासह घ्या, कारण कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत हेच कागद परत देणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलंय. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे, आणि ती मागायची वेळ आलीच तर काय दिलं होतं हे त्या पोचेवरूनच दाखवावं लागेल.